ताई, तुमची चादर अजून माझ्याकडेच आहे

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

योगाचा वर्ग सुटला की घाईत ‘थँक्यू’ म्हणून मी चपला शोधायला लागायचो. नीट आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे पत्र.

पहिल्या दिवशीचं पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकत पायांचे अंगठे धरायचं आसन, तुम्हाला आठवत नसेल. शेजारच्या आजी अंगठे धरून निवांत बसल्या होत्या आणि मी दात-ओठ खात स्वतःच्या पायांवर झडप घालत होतो. तुम्ही जवळ आलात. आता पाठ दाबणार, म्हणून मी डोळे मिटले. तुम्ही मात्र मला सरळ बसवलंत, बैठकीखाली जाड चादरीची घडी सरकवलीत, गुडघे जरा वाकवायला सांगितलेत आणि विचारलंत, “अंगठे राहू द्या. श्वास का धरून ठेवलाय?”

खरंच धरला होता! मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असले की ते बैठकीचं हाड गुडघ्यांकडे ओढून धरतात आणि वाकण्याचा सगळा भार कमरेवर येतो. बैठक थोडी उंचावली की खुब्यातून वाकता येतं. दुखरी कंबर मी इतके दिवस जोर लावूनच ‘मोकळी’ करत होतो. पतंजलींचं ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, हे मला तोंडपाठ होतं, पण त्यातल्या ‘सुख’ या शब्दाकडे लक्ष गेलं ते त्या घडीवर बसल्यावर.

मग श्वास. चार अंक मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, मध्ये रोखायचा नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे तुम्ही मनगटावरची नाडी धरायला लावून दाखवलंत. एरवी अशा गोष्टींवर माझा पटकन विश्वास बसत नाही. बोटाखाली कळलं, तेव्हा वाद संपला.

आणखी एका गोष्टीचे आभार जरा जास्तच मानायचे आहेत. तीन महिन्यांनी मी उत्साहाने विचारलं, “आता रक्तदाबाची गोळी बंद करू का?” तुम्ही चक्क रागावलात. “ते डॉक्टरांना विचारायचं, मला नाही.” योगाने सगळं बरं होतं असं सांगणारे खूप भेटतात, त्यामुळे तुमचं ते रागावणं मला फार मोलाचं वाटतं.

शवासनात मी घोरायचो, त्याबद्दल मात्र क्षमस्व.

मनःशांती मिळाली का, असं कुणी विचारलं तर पटकन हो म्हणवत नाही. चिडतो अजूनही. परवा मुलावर ओरडायला तोंड उघडलं आणि छातीत श्वास अडकलेला जाणवला, अगदी पहिल्या दिवशीसारखा. आधी तो सोडला. तेवढ्यात मुलगा त्याची बाजू सांगून मोकळा झाला, आणि ती बरीचशी बरोबर होती.

अंगठे अजून चार बोटं लांबच आहेत. चादर धुऊन, घडी घालून ठेवली आहे. येत्या सोमवारी घेऊन येतो. पण वर्गात ती मलाच लागेल, एवढं लक्षात असू द्या.

आपला,
मागच्या रांगेतला विद्यार्थी