गरोदर बाईला दारूबद्दल विचारायला लाजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

९ सप्टेंबर, म्हणजे नवव्या महिन्याची नववी तारीख. १९९९ पासून हा दिवस अनेक देशांत एका कारणासाठी पाळतात. आई गरोदर असताना तिच्या पोटात गेलेल्या दारूमुळे बाळाच्या मेंदूला जी इजा होते, तिच्याबद्दल त्या दिवशी लोकांना सांगितलं जातं. पोटातले नऊ महिने दारू नको, म्हणून ही तारीख. आपल्या भागात या विषयावर कुणी चार शब्द बोललेलं मी आजवर ऐकलं नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

करवीर तालुक्यात मी बत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. १९९६ साली माझ्याकडे तिसरीत एक मुलगा होता. त्याचं नाव लिहीत नाही आणि गावही लिहीत नाही, माणसं अजून तिथंच आहेत. वडील गुऱ्हाळावर चुलवाणापाशी, आई ऊसतोडीला. पोरगं लहानखुरं, हसरं, सारखं पदराला धरून चालणारं. शाळा सुटताना सातचा पाढा धडाधड म्हणायचं आणि सकाळी ‘सात दुणे?’ म्हटलं की माझ्या तोंडाकडं बघत राहायचं. फळ्यावर ४७ लिहिले, तर मान खाली वहीकडं जाईपर्यंत त्यातला सात हरवायचा. वहीत नुसता चार. ‘दप्तर ठेव, हात धू आणि खडूचा डबा घेऊन ये’ असं सांगितलं की दप्तर जागेवर जायचं, हात धुतले जायचे, आणि पोरगं नळापाशीच पाण्याशी खेळत बसायचं. काल ज्या चुकीला छडी खाल्ली, तीच चूक आज. आणि छडी का बसली, हे त्याला खरोखर कळलेलं नसायचं. हात पुढं करून तो गोंधळून बघायचा. ती नजर मला अजून आठवते.

मी त्याला आळशी म्हटलं. मुद्दाम करतोस म्हटलं. वर्गाबाहेर उभं केलं. शेवटी आईला बोलावून घेतलं. ती मोळी टाकून तशीच आली होती, हाताला पाचटाचे ओरखडे. सगळं ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाली, “बाई, ह्यो पोटात हुता तवा घरात आणल्याली मीबी घ्यायची सांजचं. अंग लई ठणकायचं. तेनं काय झालं आसंल व्हय?”

मी म्हटलं, “त्याचा काय संबंध? घरी अभ्यास घेत जा त्याचा.”

ती अंगठा उठवणारी बाई आणि मी डी.एड. झालेली. प्रश्न तिचा बरोबर होता आणि उत्तर माझं चुकीचं होतं. हे मला कळायला वीस वर्षांहून जास्त काळ लागला.

कळलं ते असं. माझा नातू उशिरा बोलायला लागला, म्हणून आम्ही त्याला शहरात तपासायला नेलं होतं. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी माझ्या सुनेला माहेर-सासरचे आजार, बाळंतपण, बाळाचं रडणं असं सगळं विचारलं आणि त्याच ओघात, “गरोदरपणात कधी दारू घेतली होती का?” असं विचारलं. मी भडकले. “आमच्या घरात असलं काही नसतं,” म्हणाले. त्या शांतपणे म्हणाल्या, “काकू, मी हे सगळ्यांना विचारते. ज्यांना विचारत नाही, त्यांच्या मुलांचं कारण शेवटपर्यंत सापडत नाही.” नातवाचं कारण वेगळंच निघालं, कानाच्या पडद्यामागं पाणी साठलं होतं. पण त्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसून पाऊण तास ऐकत राहिले, आणि सगळा वेळ माझ्या डोळ्यांपुढं तो तिसरीतला मुलगा होता.

दारू आईच्या रक्तातून बाळाला पोसणाऱ्या वारेत आणि वारेतून बाळाच्या रक्तात सरळ जाते. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातलं तिचं प्रमाण जवळजवळ आईइतकंच होतं. आईचं लिव्हर ती पचवतं, बाळाचं अजून तयार व्हायचं असतं. भोवतीच्या गर्भजलातही दारू साठून राहते, म्हणजे आईची उतरली तरी बाळ त्यातच असतं. मेंदूच्या पेशी तयार होऊन आपापल्या जागी सरकत असतात, एकमेकींना जोडल्या जात असतात, आणि हे काम नऊच्या नऊ महिने चालू असतं. त्यात दारूमुळे काही पेशी मरतात, काही भलत्या जागी थांबतात. मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांना जोडणारा पट्टा कधी पातळ राहतो, कधी धडपणे तयारच होत नाही. आठवण साठवणारा भाग, तोल सांभाळणारा लहान मेंदू, ‘थांब, आधी विचार कर’ असं सांगणारा कपाळामागचा भाग, सगळ्यांना त्याची झळ बसते. मग गणित जमत नाही, वेळेचा आणि पैशाचा हिशेब कळत नाही, एका दमात सांगितलेल्या तीन गोष्टींतली एकच डोक्यात राहते, आणि काल भोगलेल्या परिणामाचा आजच्या कृतीशी संबंध लागत नाही.

काही मुलांच्या चेहऱ्यावरही खुणा दिसतात. डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठ यांच्यामधली उभी खळी सपाट. पण चेहरा अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत घडतो, पुष्कळदा दिवस गेल्याचं बाईला कळायच्याही आधी. त्यामुळं चेहरा चारचौघांसारखा असूनही मेंदूला इजा झालेली मुलंच जास्त. ही मुलं वर्गात सरळ ‘ढ’ आणि ‘वांड’ या दोन खात्यांत जमा होतात. त्या मुलाला नेमकं हेच होतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याला कुणी तपासलंच नाही, आणि पोटभर अन्न नसलं तरीही मेंदू मागं पडतो. पण तपासायला पाठवायची शंका मला यायला हवी होती. त्याच्या आईला ती आली होती.

हे ज्ञान काही आजचं नाही. १९६८ साली फ्रान्समधल्या नांत शहरात डॉ. पॉल लेमोइन यांनी अशा १२७ मुलांची माहिती छापली, तिकडं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ साली अमेरिकेत सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिलं. म्हणजे मी त्या आईला ‘काय संबंध’ म्हणाले, तेव्हा नाव देऊनही तेवीस वर्षं झाली होती. अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर गरोदर बायकांसाठी इशारा असतो, फ्रान्समध्ये २००७ पासून चित्र असतं. आपल्याकडं २०१९ पासून बाटलीवर सक्तीचा इशारा आला. त्यात मद्यपान आरोग्याला अपायकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढंच आहे. गाडीवरच्या माणसाची काळजी घेतली, पोटातल्या बाळाची राहून गेली. गरोदर बायकांसाठीचा इशाराही मराठीतून आणि चित्रासकट यावा, ही माझी पहिली मागणी. वाचता न येणाऱ्या बाईलाही चित्र कळतं.

पण मला जास्त बोलायचंय ते आपल्या लाजेबद्दल. ‘आपल्यातल्या बायका पीत नाहीत’ असं आपण गृहीत धरतो आणि विचारत नाही. तोडीवरची बाई अंगदुखीसाठी घेते, तिला कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी आमच्या नात्यातली एक मुलगी पुण्याहून डोहाळजेवणाला आली होती. लग्नाच्या वाढदिवसाला वाइन घेतली, एका ग्लासानं काय होतंय, असं सहज बोलून गेली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की इतकी चालते असा आकडा कुठल्याच डॉक्टरला माहीत नाही. ती घाबरली आणि म्हणाली, “मावशी, थायरॉइड विचारलं, शुगर विचारली, हे मला कुणीच विचारलं नाही.” गावातली दारू बंद करायला आडव्या बाटलीच्या मतदानाला आपल्या बायका उन्हात रांगा लावतात. तिथं मारहाणीवर बोलतात, मोडलेल्या संसारांवर बोलतात. या एका गोष्टीवर तिथंही कुणी बोलत नाही.

आणि विचारायचं म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. कळायच्या आधी घेतली असेल, तर आज थांबवली तरी पुढच्या महिन्यांतल्या मेंदूचा फायदाच आहे. प्रत्येक बाळाला इजा होतेच असं नाही, हेही तिला सांगायला हवं. सवय सुटत नसेल तर तिला उपचार हवेत, शिव्या नकोत. घरात बाटली आणणाऱ्यालाही समोर बसवून सांगायला हवं.

शिक्षकांनाही हे प्रशिक्षणात शिकवा. झालेली इजा भरून येत नाही, पण लवकर ओळखलं तर मूल पुष्कळ सावरतं. एका वेळी एकच सूचना, रोजचा क्रम तोच, तोंडी सांगण्याबरोबर चित्र, आणि तेच पुन्हा पुन्हा न चिडता. यातलं काहीही मला १९९६ साली करता आलं असतं, एक पैसा खर्च नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो तिसरीतला मुलगा मला कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत भेटला. पोती उतरवत होता. “बाई!” म्हणून हाक मारून पाया पडला. चहाच्या गाड्यावर पैसे मला देऊ देईना. मूठभर नाणी काढून तळहात चहावाल्यापुढं धरला आणि म्हणाला, “किती व्हत्यात, घे त्यातलं.”

आमच्या गावच्या आशाताईंशी माझं बोलणं झालंय. पहिल्या नोंदणीला प्रत्येकीला, मग ती झोपडीतली असो की बंगल्यातली, त्या हा प्रश्न विचारणार आहेत. सासू आणि नवरा बाहेर गेल्यावर, आवाज न चढवता, असा: “दिवस गेल्याचं कळायच्या आधी किंवा नंतर, कधी थोडीबहुत घेतलीस का गं? सगळ्यांना विचारते मी.” आपल्या वाचकांत डॉक्टर, नर्सताई, अंगणवाडीताई असतील. त्यांनीही उद्यापासून विचारावं, ही हात जोडून विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. करवीर, जि. कोल्हापूर