पगाराची तारीख आणि तेरा रकाने

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लहान कारखान्यांत सध्या "पुढचं काही सांगता येत नाही" हेच ऐकू येतं. वर्षाचं नसेल सांगता येत, पण पुढच्या तेरा आठवड्यांत किती पैसे येणार आणि किती जाणार, ते बरंचसं येतं. ते कागदावर मांडणं हे मालकाचं काम आहे, अकाउंटंटवर ढकलायचं नाही.

मोठ्या कागदावर आठवड्याचा एक असे तेरा रकाने आखावेत. वर बँकेतली शिल्लक, खाली येणं, मग देणं. देण्याच्या तारखा ठरलेल्या: टीडीएस (कापून घेतलेला आयकर) ७ला, पीएफ-ईएसआयसी (कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा) १५ला, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचा जीएसटी २०ला; शिवाय पगार, वीजबिल, हप्ते. दिवाळीचा बोनस हमखास विसरला जातो. खरी गल्लत येण्यात होते. बिल काढलं की पैसे आले असं धरतात. तिथे बिलावरची मुदत लिहू नये. त्या गिऱ्हाइकाने मागची तीन बिलं किती दिवसांनी चुकती केली, ते बघून तारीख टाकावी. दर सोमवारी सरलेला आठवडा खोडून पुढचा जोडावा. शिल्लक पगाराच्या रकमेखाली जाते त्या रकान्याला लाल खूण करावी. सहा आठवडे आधी ती दिसली तर कच्चा माल कमी उचलता येतो, बँकेशी बोलता येतं.

वसुलीला कायद्याचा आधार आहे. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. मात्र बिलावर उद्यम क्रमांक (लघुउद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक) हवा आणि माल पोचवल्याच्या चलनावर माल घेणाऱ्याची सही, शिक्का, तारीख हवी. चलनावर तारीख नसली की दिवस कधीपासून मोजायचे यावरच महिना जातो.

माणसांबाबत मात्र आपले उद्योजक फार गप्प राहतात, आणि त्याचं वाईट वाटतं. ओव्हरटाइम बंद झाला की दुपारपर्यंत "कंपनी बंद होणार" ही अफवा फ्लोअरभर होते. आधी सोडून जातो तो व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) चालवणारा कुशल ऑपरेटर, कारण त्याला शेजारच्या गल्लीत काम मिळतं. म्हणून शिफ्ट बदलताना आठवड्यातून दहा मिनिटं मालकाने स्वतः उभं राहून सांगावं: हातात किती दिवसांचं काम आहे, पगार कोणत्या तारखेला होणार, पुन्हा कधी बोलणार. "कुणालाच काढणार नाही" हा शब्द तेरा रकाने भरण्याआधी देऊ नये. कपातीचा क्रमही आधीच लिहून सुपरवायझरना दाखवावा: प्रथम मालकाची उचल, मग नवी मशीन, मग ओव्हरटाइम. माणूस सर्वांत शेवटी.

इथल्या उद्योजक संघटनांनी एका शनिवारी सभासदांना चलनं आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन बोलवावं आणि हा कागद तिथेच भरून घ्यावा.

आपला,
एक उद्योग सल्लागार, ठाणे