बाई, उद्यानासाठी मनःपूर्वक आभार

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

शाळेच्या औषधी वनस्पती उद्यानाचं कौतुक सध्या आमच्या वाट्याला येतंय. ज्यांच्यामुळे ते उभं राहिलं, त्या तुमचं नाव मात्र कुठल्याच फलकावर नाही, कारण तुम्ही ते लावू दिलं नाहीत. म्हणून हे जाहीर पत्र.

पहिल्याच भेटीत तुम्ही अट घातलीत : फूल येऊन ओळख पक्की होईपर्यंत रोपाला फक्त क्रमांक, नावाची पाटी नंतर. तेव्हा ही अट फारच कडक वाटली होती. पण इटलीतल्या पदुआ विद्यापीठाने १५४५ साली औषधी वनस्पतींची बाग केली, तीसुद्धा विद्यार्थ्यांना खरी वनस्पती आणि तिच्या नावाने खपवलेली दुसरी यांतला फरक कळावा म्हणूनच, हे तुम्ही सांगितलंत आणि मुद्दा पटला.

अशोकाचा तास तर मुलं अजून विसरलेली नाहीत. उंच, सरळसोट वाढणारं, लांब नागमोडी पानांचं जे झाड अशोक म्हणून सर्रास विकलं जातं, त्याची फांदी तुम्ही एका हातात धरलीत. दुसऱ्या हातात सीता अशोकाची. तिची कोवळी, तांबूस पालवी मलूल झाल्यासारखी खाली लोंबत होती. ते झाड फुललं तेव्हा थेट जून फांदीवर आलेले नारिंगी गुच्छ दाखवून तुम्ही मुलांना पाकळ्या शोधायला लावल्यात. कुणालाच सापडेनात, कारण त्या फुलाला पाकळ्या नसतातच. रंग असतो तो निदलांचा, म्हणजे फुलाच्या सर्वांत बाहेरच्या, एरवी हिरव्या असणाऱ्या दलांचा. औषधात सीता अशोकाची साल लागते. सालीसाठी झाडं सोलली जातात, मागणी पुरत नाही, आणि मग दुसऱ्याच झाडाची साल त्यात मिसळली जाते. संवर्धन आणि भेसळ हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, हे मला त्या दिवशी नीट उमगलं.

ब्राह्मी आणि मंडूकपर्णीचे वाफे तुम्ही मुद्दाम शेजारी ठेवायला लावलेत. एकीची पानं छोटी, जाडसर. दुसरीची गोलाकार, कातरलेल्या कडांची. आता पाचवीतली मुलंही पाहुण्यांना हा फरक समजावून सांगतात.

गुळवेलीबद्दल तुम्ही सांगितलं नसतंत, तर आम्हाला ते कधीच सुचलं नसतं. तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. एकाच वेलाची छाटं सगळीकडे लावली, तर बाग हिरवीगार दिसेल, पण बी धरणार नाही आणि सगळे वेल एकमेकांची नक्कलच राहतील. म्हणून तुम्ही वेगवेगळ्या ठिकाणच्या मातृवेलांची छाटं मिळवून दिलीत. आता मादी वेलांवर लालबुंद फळांचे घोस लागतात.

सर्पगंधेचं बी फार कमी रुजतं आणि औषध तिच्या मुळात, म्हणजे काढणी केली की झाड गेलं. रक्तदाबावरचं रेसर्पिन १९५२ साली याच मुळांतून वेगळं केलं गेलं आणि मागणी आणखी वाढली. तरीही जंगलातून एकही रोप उपटून आणायचं नाही, यावर तुम्ही ठाम राहिलात. लागवडीतलं बी मिळेपर्यंत तो वाफा रिकामा ठेवलात. मला विचाराल तर त्या रिकाम्या वाफ्याने मुलांना जेवढं शिकवलं, तेवढं भरलेल्या वाफ्यांनीही शिकवलं नसेल. कळलावीला कुंपण आणि 'विषारी' अशी लाल पाटी, हाही तुमचाच आग्रह. तिच्या कंदात कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असतं, त्यामुळे शाळेच्या आवारात ही काळजी हवीच होती.

आता इतर शाळा आमच्याकडे रोपं मागतात. रोप कुठून आलं, कोणत्या मातृवृक्षाचं, कधी लावलं, ही नोंदवहीतली माहिती आम्ही प्रत्येक रोपासोबत लिहून देतो, अगदी तुम्ही घालून दिलेल्या पद्धतीने. मुलांनी तुमच्या देखरेखीखाली वाळवून, चिकटवून तयार केलेले वनस्पतींचे नमुने प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत आणि शंका आली की सगळे आधी तिकडेच धावतात.

बाई, यासाठी तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत आणि ऐन उन्हात तासन्‌तास आमच्यासोबत वाफ्यांत उभ्या राहिलात. आम्हा सर्व शिक्षकांकडून आणि मुलांकडून तुमचे मनापासून आभार.

आपली नम्र,
उद्यानाचं काम पाहणारी शिक्षिका