काकांना एवढं विचारच

चंद्रपूर

प्रिय दिल्या,

दिवाळीच्या मेसेजलाही उत्तर दिलं नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. इकडे सगळे बरे. आईची शुगर आटोक्यात, माझी कंबर आहे तशीच.

बाबांचं काय करू ते कळत नाही. रात्री उठतात आणि काठीने फरशी ठोकत घरभर फिरतात. खदानीत छत ठोकून पाहायचे ना, टण्ण वाजलं तर भरीव, बद्द वाजलं तर माणसं मागे घ्या, तसंच; फक्त आता डोक्यावरचं सोडून पायाखालचं. स्वयंपाकघरात बद्द वाजतं. मी म्हटलं, मिस्त्रीने मसाला कमी घातला असेल. तर म्हणे, "मायनिंग सरदार तू होता का मी?"

या सगळ्याचं मूळ घुग्घुसला. ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डातलं अख्खं घर जमिनीत गेलं, घरचे वेळेवर बाहेर पळाले म्हणून वाचले. बाबा बघून आले तेव्हा नुसते गप्प होते. काठी या पावसाळ्यात निघाली.

आपल्याला वाटायचं, खदान बंद म्हणजे संपली. खाली उतरायच्या तिरक्या वाटेच्या, इन्क्लाइनच्या तोंडाला भिंत, डबे ओढायचं हॉलेज भंगारात, लॅम्परूमच्या भिंतीत पिंपळ. (तिथेच तू माझी सायकल हरवलीस. तू नाही म्हणतोस, माहीत आहे. तूच हरवलीस.) खरी खदान तर खालीच राहिली: गल्ल्या, मधले कोळशाचे खांब, आणि पंप थांबल्यावर भरलेलं पाणी. खांब ठेवले असतील तर वरचं बरेच दिवस तरतं. पण डिपिलरिंग करून तेही काढले आणि मागे वाळू नीट भरली नसेल, तर छत कधीतरी बसतंच. हे मला बाबांनीच लहानपणी पाटावर काड्यापेट्या मांडून शिकवलंय.

मग आपल्या घरांच्या लाइनीखाली काय केलं, असं विचारलं की ते वरोऱ्याच्या गोष्टीवर जातात. ती सरकारी खदान १८७० नंतरची, तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली, १९०६ ला बंद, मग बल्लारपूर... इंग्रजांचं सगळं पाठ, आणि स्वतःच्या ओट्याखालचं आठवत नाही! आठवतं बे त्यांना. इथले खांब यांच्याच पाळीत निघाले असतील, असं मला वाटायला लागलंय. आणि हे मी आईला कसं सांगू? ती वर एक खोली चढवायचं म्हणते आहे.

काका सर्व्हेअर होते. आपल्या बाजूचा नकाशा त्यांच्या हातचा असणार. खांब ठेवले की काढले, एवढंच विचार. चहा पिताना विचार, जेवताना नको, त्या दोघांचं युनियनवरून झालेलं भांडण निघेल.

वहिनींची बदली थांबली का? पोरगी दहावीला ना? पुण्यातला फ्लॅट मिळाला म्हणे, अभिनंदन. कितव्या मजल्यावर ते कळव.

फोन करू नको, बाबा बाजूलाच बसलेले असतात. काका जे म्हणतील ते लिहूनच पाठव.

तुझा,
बाळ्या