दोघांचं गाणं, वर्षभराची हद्द

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. पक्ष्यांचं युगलगान म्हणजे प्रेमगीतच ना, असं तू विचारलंस. प्रेम नसतं असं मी म्हणणार नाही, पण ते गाणं शेजाऱ्यांनाही ऐकवायचं असतं, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

इक्वेडोरच्या अँडीज पर्वतात, बांबूच्या दाट जाळीत प्लेन-टेल्ड रेन नावाचे छोटे गाणारे पक्षी राहतात. नर आणि मादी आळीपाळीने एकेक स्वर घेतात, इतके भराभर की एकच पक्षी गातोय असं वाटावं. नर मध्येच थांबला की मादी आपले स्वर घेत राहते आणि त्याच्या जागा रिकाम्या सोडते. गाणं दोघांचं होतं हे तेव्हा कुठे लक्षात येतं! 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या पक्ष्यांच्या मेंदूतलं गाण्याचं केंद्र तपासलं होतं. तिथल्या पेशी स्वतःच्या स्वरांपेक्षा दोघांचं अख्खं गाणं ऐकल्यावर जास्त जोमाने प्रतिसाद देत होत्या. हे वाचून मी थक्क झालो रे.

मग असं गाणं येतं कुणाला? 2016 मध्ये दहा हजारांहून अधिक जातींची माहिती एकत्र पडताळली गेली. त्यांतल्या सुमारे 18 टक्के जोडीने किंवा गटाने गातात. उष्ण कटिबंधाचा वाटा त्यात मोठा, पण गाण्याचं नातं जास्त घट्ट जुळतं ते वर्षभर राखलेल्या हद्दीशी आणि लांब टिकणाऱ्या सोबतीशी. ऑस्ट्रेलियातल्या मॅगपाय-लार्कचंच बघ. जोडी जितकी जुनी तितका ताळमेळ पक्का, आणि असं चोख गाणं ऐकलं की शेजारी जास्त बिथरतात.

आणखी एक. मादी गाऊ कशी लागली, असं आपण विचारत आलो. 2014 च्या एका अभ्यासानुसार गाणाऱ्या पक्ष्यांच्या पूर्वजांत माद्याही गात होत्या. मग खरं तर काही कुळांत ती गप्प का झाली, हे शोधायला हवं.

सारसांची जोडी तुला माहीत आहेच. पण क्वचित त्यांच्यात तिसरा पक्षीही राहतो आणि तिघं एका तालात साद घालतात! अधिवास बेताचा असतो तिथे अशी त्रिकुटं जास्त आढळतात. पिल्लं वाढवायला तिसऱ्याची मदत होत असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

रेनच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण पाठवतोय. हेडफोन लावून ऐक, आणि मादीचे स्वर वेगळे काढता आले तर लगेच कळव.

तुझा,
विनय