व्ह्यू-मास्टर दुरुस्त करून देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. आम्ही ते घर सोडलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि त्या वयात कुणाचा पत्ता लिहून ठेवायचं सुचत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या घरातल्या कुणाच्या वाचनात आलं, तर एका डोळ्याला भिंग लावून रात्री उशिरापर्यंत घड्याळं उघडून बसणारा माणूस त्यांना नक्की ओळखू येईल.

गेल्या आठवड्यात नाताळच्या सजावटीचं खोकं काढलं, तर तळाशी व्ह्यू-मास्टर निघाला, दुर्बिणीसारखा डोळ्यांना लावून चित्रं बघायचं माझं खेळणं. झाकणावरच्या स्क्रूशेजारी तीन ओरखडे अजून तसेच आहेत. त्यांच्याबद्दल मला आज खरं सांगायचं आहे. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं, तरीही.

त्या नाताळात मी सहा वर्षांची होते. दादाला रुबिक क्यूब मिळाला होता. बुडापेस्टच्या एर्नो रुबिक यांनी तो 1974 मध्ये बनवला, पण 1980 पासून तो जगभर पोचला आणि त्याचं सगळ्यांना वेड लागलं. दादा सकाळपासून तो फिरवत होता आणि दुपारपर्यंत रडवेला झाला होता. (खुद्द रुबिकना तो पहिल्यांदा सोडवायला महिनाभर लागला होता, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बिचाऱ्याने थोडा दम खाल्ला असता.) माझ्या पुडक्यात व्ह्यू-मास्टर होता. मी वर्षभर तोच मागत होते. पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्या कडेने बोटाच्या नखाएवढ्या चौदा पारदर्शक फिल्म. चकती वरच्या फटीत सरकवायची, उजेडाकडे तोंड करायचं आणि उजवीकडची दांडी खाली ओढायची. खट्ट! दुसरं चित्र.

सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. आई म्हणाली, "अगं बाई, पोपट हातात येईल असं वाटतंय!" दादाने तर क्यूब खाली ठेवून हवेत हात पुढे केला. मग माझी पाळी आली. मला पोपट दिसला, फांदी दिसली, मागची पानंही दिसली. छान रंगीत चित्र होतं, पण कॅलेंडरवरच्या चित्रासारखं सपाट. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मीही हात पुढे केला आणि म्हटलं, "हो, आलाय बाहेर."

माझी आवडती भेटवस्तू कोणती असं कुणी विचारलं की मी आजही व्ह्यू-मास्टरचं नाव घेते. पण ते पहिले दोन दिवस मी त्याचा राग राग करत होते. सगळ्यांना दिसणारी गंमत माझ्याच खेळण्यात माझ्यापासून लपून बसली होती. ती आत कुठे आहे ते बघायला मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि झाकण उचकटलं. आत एक स्प्रिंग होती. ती उडाली, दांडी लोंबायला लागली, आणि मी घरात सांगितलं की खेळणं हातातून पडलं.

दादा मला हाताला धरून तुमच्याकडे घेऊन आला. तुम्ही ओरखड्यांवरून अंगठा फिरवलात, एकदा माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पडलं वाटतं." बस्स. पुढे कधी तो विषय काढला नाहीत. या पत्रातला पहिला आभार त्याबद्दल.

स्प्रिंग बसवायला तुम्हाला पाच मिनिटंही लागली नाहीत. मला मात्र तुम्ही एक काम दिलंत: बशीतले बारीक स्क्रू चिमट्याने उचलून डबीत टाकायचं. दादाने पटापट टाकले. मी प्रत्येक वेळी चिमट्याचं टोक आधी बशीला टेकवत होते, मग सरकवत सरकवत स्क्रूपाशी नेत होते. तुम्ही डोळ्यावरचं भिंग काढून बघत राहिलात. "मीही असंच करतो," तुम्ही म्हणालात, "पण माझा एक डोळा भिंगात अडकलेला असतो. एकाच डोळ्याने वस्तू किती लांब आहे ते नीट कळत नाही. तू का टेकवतेस गं?"

मला काय सांगता येणार होतं! माझं जग पहिल्यापासून तसंच होतं.

मग तुम्ही व्ह्यू-मास्टर माझ्या डोळ्यांना लावलात आणि उजव्या भिंगावर अंगठा ठेवलात. पोपट स्वच्छ दिसला. अंगठा डावीकडे गेला तेव्हा मी म्हटलं, "आता धूर झाला." तुम्ही भिंग पुसलंत, स्वतः पाहिलंत, दादाला पाहायला लावलंत. त्याला दोन्हीकडून पोपट दिसत होता. त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात आणि बाबांना म्हणालात, "खेळणं ठीक आहे. हिच्या उजव्या डोळ्याला डॉक्टरांना दाखवा. उद्याच."

घरात कुणाचा विश्वास बसेना. मी तिरळी नव्हते, वाचत होते, धावत होते. पण हा विकार असाच फसवा असतो. एका डोळ्याचा नंबर जास्त असला की मेंदू त्याच्याकडून येणारं धूसर चित्र हळूहळू बाजूला टाकायला लागतो. दुसरा डोळा सगळा कारभार सांभाळतो आणि मुलाला काही वेगळं जाणवतच नाही. डॉक्टर त्याला ॲम्ब्लिओपिया म्हणतात, बोलीत आळशी डोळा. शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो असतो. उपचार सातव्या वर्षाच्या आत सुरू झाले तर सगळ्यांत जास्त गुण येतो. त्यानंतरही काही मुलांना फायदा होतो, हे पुढच्या काळात लक्षात आलं, पण वय वाढेल तसं काम अवघड होत जातं. मी सहा वर्षांची होते, काकाऽ!

डॉक्टरांनी एक वेगळा चष्मा घालून मला माशीचं मोठं चित्र दाखवलं आणि तिचे पंख चिमटीत धरायला सांगितलं. ज्यांचे दोन्ही डोळे जोडीने काम करतात त्यांना ते पंख कागदाच्या वर उचललेले दिसतात, आणि त्यांची बोटं हवेतच मिटतात. माझी बोटं थेट कागदावर टेकली. आईने तोंडावर हात ठेवलेला मला आठवतो.

मग चष्मा लागला आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी आली, म्हणजे आळशी डोळ्याला काम करणं भाग पडावं. ते दिवस वाईट होते. मुलं चिडवत, पाटीवरचं वाचता येत नसे, आणि संधी मिळाली की मी पट्टी काढून फेकून देई. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पट्टी असताना जवळचं, बारीक काम करू द्या. घरच्यांनी चित्रं रंगवायला दिली. मी रंगखडू मोडले. शेवटी तुम्हीच म्हणालात, "पाठवा माझ्याकडे."

शाळेनंतर रोज तुमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर माझी जागा ठरली. जुन्या घड्याळांची दातेरी चाकं मोठी-लहान अशी वेगळी करायची, स्क्रू आकाराप्रमाणे लावायचे. सुरुवातीला सगळं पाण्याखाली बुडाल्यासारखं दिसायचं. तुम्ही कधी 'शाब्बास' म्हणाला नाहीत. चुकीच्या डबीतला स्क्रू चिमट्याने उचलून न बोलता माझ्यासमोर ठेवायचात. त्या कोपऱ्यावर मी आजारी मुलगी नव्हते, तुमच्या हाताखालची माणूस होते. पट्टीचे तास कधी संपले ते मला कळायचंही नाही.

दोन डोळ्यांमध्ये थोडं अंतर असतं, म्हणून दोघांना जरा वेगवेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू त्यांतून काय जवळ, काय लांब ते ठरवतो, हे तुम्हीच मला सांगितलंत. चकतीवरची चौदा चित्रं म्हणजे खरं तर सातच, एकेकाची जोडी समोरासमोर बसवलेली, हेही. मोठेपणी वाचलं की चार्ल्स व्हीटस्टन यांनी ही युक्ती आरसे लावून 1838 मध्येच मांडली होती, आणि व्ह्यू-मास्टर विल्यम ग्रुबर नावाच्या ऑर्गन बनवणाऱ्या माणसाच्या डोक्यातून निघून 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आला. वाचताना मला तुमचंच टेबल दिसत होतं.

दर शनिवारी तुम्ही मला ती चकती बघायला लावायचात. पोपट सपाट. पुढच्या शनिवारी, सपाट. मी खोटं बोलायचं सोडून दिलं होतं, कारण तुमच्यापुढे त्याचा उपयोग नव्हता. पुढचा नाताळ आला तेव्हा मी मूठभर दातेरी चाकं चांदीच्या दोऱ्यात ओवून तुम्हाला दिली होती, आठवतं? ती खिडकीला अडकवून तुम्ही नेहमीसारखी चकती पुढे केलीत. मी उजेडाकडे तोंड केलं. आणि फांदी पानांपासून सुटली. एकदम नाही. आधी थरथरली, मग पुन्हा चिकटली, मग सुटली आणि माझ्या नाकाच्या दिशेने आली. मागची पानं मागेच राहिली. मी हात पुढे केला नाही. नुसती म्हणाले, "काका, मागे जागा आहे."

तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "झालं तर. आता चकती बदल."

माझ्या उजव्या डोळ्याला आजही डाव्याइतकं लख्ख दिसत नाही. पण मी गाडी चालवते, सुईत दोरा ओवते आणि जिना उतरताना पायरी चाचपत नाही.

हा व्ह्यू-मास्टर या नाताळात दादाच्या नातीला देणार आहे. ती चार वर्षांची आहे. कागदात गुंडाळण्याआधी भिंगं पुसली, स्प्रिंगला तेलाचा थेंब दिला. तुम्ही बसवलेली स्प्रिंग अजून तीच आहे. डावं भिंग झाकून उजव्या डोळ्याने पोपट पाहून घेतला. ती पहिल्यांदा बघेल तेव्हा मी तिच्या शेजारी बसेन, आणि दोन्ही भिंगांवर आळीपाळीने अंगठा ठेवेन.

ओरखड्यांबद्दल तिने विचारलं, तर सांगेन, पडलं होतं.

तुमची,
कोपऱ्यावर बसून स्क्रू निवडणारी