थ्री नॉट थ्रीला सेव्हन सिक्स टू चालत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल रविवारच्या पुरवणीत थ्री नॉट थ्री रायफलीवरचा लेख वाचला. लेखकाने त्या रायफलीबद्दल आपुलकीने लिहिलं आहे, त्यासाठी त्यांचे आभार. पण लेखाच्या शेवटी त्यांनी म्हटलंय की .३०३ची काडतुसं आता मिळत नसली तरी अडत नाही, ७.६२ मिमीची काडतुसं त्यात चालतात, कारण दोन्हींचा व्यास ‘जवळजवळ सारखा’ आहे. हे छापण्याआधी कुणा आर्मोररला, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या माणसाला, विचारावंसं आपल्याकडे कोणालाच वाटलं नाही का? आपल्या पेपरात छापून आलेलं लोक खरं मानतात. उद्या एखादा नवा पोरगा शस्त्रागारात हेच वाक्य ऐकवेल.

मी पोलीस खात्यात आर्मोरर होतो. उभी नोकरी या रायफलीची नळी पुसण्यात, बोल्ट बसवण्यात आणि काडतुसांच्या पेट्या मोजण्यात गेली. म्हणून लिहितो. .३०३ इंच म्हणजे ७.७ मिमी, आणि ७.६२ मिमी म्हणजे .३०० इंच. फरक केसाएवढा वाटेल, पण गोष्ट नुसत्या व्यासाची नाहीच. .३०३च्या काडतुसाची पुंगळी ५६ मिमी लांब, तोंडाकडे निमुळती होत गेलेली, आणि बुडाशी बाहेर आलेली कड. त्या कडेवरच ते काडतूस चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, तोंडाशी बसतं. ७.६२ची पुंगळी ५१ मिमी, खांद्यापर्यंत अंगाने जाड, बुडाशी बाहेर आलेली कड नाही. ती .३०३च्या चेंबरमध्ये पूर्ण जातच नाही, मध्येच अडकते. बोल्ट बंद होत नाही. बंद होत नाही म्हणून माणूस जोर लावतो. आता पुढे काय होतं ते सांगतो.

एका जिल्ह्याच्या मुख्यालयात असताना पावसाळ्याआधीचा गोळीबार सराव होता. मैदानावर दोन्ही प्रकारच्या रायफली नेल्या होत्या, .३०३ आणि ७.६२ची टू ए वन. क्लिपा पुरेशा नव्हत्या, राउंड, म्हणजे काडतुसं, सुटेच वाटले जात होते. एका शिपायाच्या हातात .३०३ आणि मुठीत ७.६२चा राउंड गेला. बोल्ट पुढे सरकेना. शेजारी उभ्या अधिकाऱ्याने “मार ना जोरात” म्हणून सांगितलं आणि त्याने तळहाताने ठोकलं. राउंड चेंबरमध्ये पाचरीसारखा बसला. बोल्ट मागे ओढला तर रिकामा आला, कारण .३०३च्या एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे काडतूस मागे ओढणाऱ्या आकड्याला, पकडायला मोठी कड लागते आणि या राउंडला ती नाही. जिवंत राउंड नळीत अडकलेला, तिघेचौघे डोकं घालून आत बघताहेत. मी सगळ्यांना मागे हटवलं आणि पुढून लाकडी काठी घालून हळूहळू तो राउंड मागे काढला. त्या काही मिनिटांत माझ्या हाताला सुटलेला घाम मला अजून आठवतो.

संताप त्यानंतरचा आहे. अहवालात लिहिलं गेलं, ‘रायफल जुनी, बोल्ट बंद होत नाही, बाद करावी.’ मी तिला गेज लावून पाहिलं, ड्रिल राउंड (कवायतीचं निकामी काडतूस) घालून बोल्ट फिरवला, लोण्यासारखा फिरत होता. १९४२ची इशापूरच्या रायफल कारखान्याची बनावट, लाकूड मूळचं, नळी आरशासारखी. मी स्वतंत्र टिपण लिहून दिलं की दोष रायफलीत नाही, राउंड चुकीचा दिला गेला. ते टिपण फाइलला लागलं नाही. रायफल बाद झाली, तुकडे होऊन भंगारात गेली. ज्याने राउंड वाटले आणि ज्याने ठोकायला सांगितलं, त्यांच्यावर एक ओळ नाही. आणि आज आपला पेपर तीच चूक सल्ला म्हणून छापतो!

लेखकाचा घोटाळा कशामुळे झाला असेल हे मला कळतं. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान .३०३ घेऊन लढले. त्यानंतर इशापूरला त्याच घडणीची, पण जास्त चांगल्या पोलादाची, ७.६२ची रायफल निघाली. तीच टू ए आणि मग टू ए वन. लांबून बघणाऱ्याला दोघी जुळ्या बहिणी वाटतात. पण टू ए वनचं मॅगझिन चौकोनी आणि बारा राउंडचं, .३०३चं दहाचं. मागच्या साइटची पट्टी टू ए वनची ८०० मीटरपर्यंत, .३०३ची २००० यार्डांपर्यंत. एवढंही नको असेल तर दस्ता सुरू होतो तिथल्या लोखंडी पट्ट्यावर नाव कोरलेलंच असतं, ते वाचावं. आपण लेखासोबत ‘पोलिसांची थ्री नॉट थ्री’ म्हणून जो फोटो छापलाय, त्यात चौकोनी मॅगझिन स्वच्छ दिसतंय. ती थ्री नॉट थ्री नाही! परवानाधारक शेतकऱ्यांकडे असते ती इशापूरची .३१५ही याच घडणीची. तिचं काडतूस तिसरंच. दिसण्यावरून काडतूस ठरवायचं नसतं.

बरं, काडतूस .३०३चंच आहे म्हणजे झालं, असंही नाही. पुंगळीच्या बुडावर काय ठोकलंय ते बघावं लागतं. आमच्या खडकीच्या कारखान्याचं ‘के एफ’, साल, आणि मार्कचा आकडा. ७ म्हणजे १९१०पासून चालत आलेली १७४ ग्रेनची टोकदार गोळी, रायफलीची साइट तिच्याच हिशेबाने बनवलेली. ८ झेड ही विकर्स मशीनगनसाठी काढलेली, दाब जास्त, गोळीचं बूड निमुळतं. ती रायफलीत उडते, पण कॉर्डाइटने, म्हणजे जुन्या काडतुसांतल्या दारूने, झिजलेल्या जुन्या नळीतून गोळ्या पसरतात. मग शिपायाला नेम येत नाही म्हणून ओरडा बसतो. आणि जुन्या काडतुसांच्या टोपीतला (बुडाशी पिन आपटते तिथला) मसाला नळीत क्षार सोडतो. तो नुसत्या तेलाने जात नाही, त्याला पाणीच लागतं. सराव संपला की चेंबरकडून नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायचं, नळी हातात धरवत नाही इतकी तापली पाहिजे, मग चिंदी कोरडी येईपर्यंत पुलथ्रू (नळीतून चिंदी ओढायची दोरी) आणि शेवटी तेल. पावसाळ्यात हे दुसऱ्या दिवसावर टाकलं की नळीत तांबूस गंज धरलाच समजा. मग त्याचंही खापर रायफलीच्या वयावर.

२०१९ साली बिहारमध्ये माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यविधीला मानवंदना देताना २२ रायफलींपैकी एकही उडाली नाही. सगळ्या देशाने रायफलींना नावं ठेवली. एक रायफल उडाली नाही तर तिची स्ट्रायकर पिन बघावी, स्प्रिंग बघावी. पण एका वेळी २२ गप्प बसतात तेव्हा आधी काडतुसांची पेटी उघडावी, हे कोणताही आर्मोरर सांगेल. ब्लँक राउंडला पुढे गोळी नसते, तोंड फक्त दाबून बंद केलेलं असतं. ते कुठे ठेवलं, किती वर्षं ठेवलं, याला सगळं महत्त्व. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२०ला या रायफलीला संचलनातून निरोप दिला. २६/११ला तर आमच्या लोकांना ती घेऊन एके-४७समोर उभं राहावं लागलं. तिथे तिला पाठवणंच चुकीचं होतं, यात दुमत नाही. निवृत्त करा तिला, माझी काही तक्रार नाही. पण जोवर एखाद्या रॅकमध्ये ती उभी आहे तोवर तिला तिचंच काडतूस द्या, एवढं म्हणणं आहे.

आणखी एक. त्याच पानावर, खालच्या चौकटीत, एका वाचकाच्या घरातल्या शोकेसचा फोटो आहे. ‘आजोबांची आठवण’ म्हणून मांडलेली पितळी काडतुसं, चकाकणारी. भिंग घेऊन पाहिलं. त्यातली दोन फोटोत बुडाकडून दिसतात आणि दोन्हींच्या टोपीवर पिनेची खूण नाही. पुंगळीला भोकही दिसत नाही. म्हणजे ती बहुधा जिवंत आहेत. विनापरवाना जिवंत काडतूस घरात ठेवणं हा शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. आपण तो फोटो कौतुकाने छापून त्या कुटुंबाला अडचणीत आणलंय, आणि त्या घरात लहान मुलं असतील तर त्याहून वाईट. कृपया त्यांना आजच कळवा. काडतुसं घासू नयेत, उन्हात ठेवू नयेत, वकिलाला विचारून जवळच्या पोलीस ठाण्याला खबर द्यावी आणि त्यांची माणसं येईपर्यंत शोकेसला कुलूप लावावं.

आणि ७.६२बद्दलची दुरुस्ती पुढच्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच आकाराच्या अक्षरात छापावी.

आपला,
एक निवृत्त आर्मोरर
खडकी, पुणे